उंदीर, वात आणि पागा

वैशाखाचं ऊन डोक्यावर आहे आणि तुम्ही गवताचे भारे मोजताय. कानावर बोरू, कमरेला दौत, हातात कागदाची लांबलचक फर्द. जागा चिपळूणजवळची: मौजे हलवर्ण, मामले दाभोळ. साल शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आगेमागेचं धरा. कुठून आलात, कुणाचे कोण, असं तुम्हाला कुणी विचारत नाही. पागेत नवा कारकून आला, म्हणजे जुना हिशेब तुंबलाय, एवढंच सगळ्यांना कळतं.

तुमच्याकडे एक जुमला आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, अशा पाच हवालदारांवर एक जुमलेदार. म्हणजे सव्वाशे घोडी. दर पंचवीस घोड्यांमागे पाणी आणणारा एक पखालजी आणि एक नालबंद. घोडी सरकारची, स्वार पगारी. सव्वाशे घोडी आणि पावसाळ्याचे चार महिने यांचा गुणाकार तुम्ही फर्दीच्या कडेला करून बघता: १५,००० दिवसांची वैरण. तेवढी गंज समोर दिसत नाही. तुम्ही पुन्हा मोजता. तरी दिसत नाही.

खरं तर हे लष्कर इथे इतके दिवस असायला नको होतं. चिपळुणात मुक्काम लांबला आणि आता घाट चढून वर जायची वेळ राहिली नाही. दाभोळ सुभ्यात पावसाळ्यासाठी म्हणून पागेचा जो दाणा, जी वैरण साठवली होती, ती या मुक्कामात बरीचशी उडाली. आसपासच्या गावांतही लष्कराच्या पायी काही शिल्लक उरलेलं नाही. गडागडांवरचा गल्ला उतरवून कशीबशी बेगमी केली आहे. ती मोजायला तुम्ही आलात.

तळावर सगळीकडे बांधकाम चाललंय. बांधकाम म्हणजे चिरा-चुना नव्हे. लाकडी मेढी, बांबूचे वासे, काथ्याच्या दोऱ्या, कुडाच्या भिंती आणि वर गवत. या एकेका खोपटाला इथं खण म्हणतात. माणसांचे खण वेगळे, घोड्यांचे वेगळे, पण गवत एकाच गंजीतलं. बरेचसे स्वार देशावरचे, धाब्याच्या घरांत वाढलेले. छप्पर म्हणजे सपाट, त्यावर मिरच्या वाळत घालायच्या, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. एक बारगीर वासे जरा आडवेच बांधतोय. खाली उभा असलेला गावचा म्हातारा कुणबी बराच वेळ गप्प राहून बघतो आणि शेवटी न राहवून सांगतो, "दादा, उतार वाढवा. आषाढात हे गवत पाणी पिऊन तुमच्या उरावर येईल." बारगीर हसतो, पण वासे सोडून पुन्हा बांधतो. म्हाताऱ्याच्या बोटांकडे बघा. गवताची चूड तो दोन बोटांत दाबतो, बुडखा सारखा करतो, काथ्या एकदाच फिरवतो आणि अंगठ्याने गाठ आत सारतो. एक हात झाकून होईपर्यंत तुमच्या तीन ओळी लिहून झालेल्या नसतात.

दुपार कलता एक जासूद येतो. राजांचं पत्र आहे. जुमलेदार, हवालदार आणि कारकून अशा तिघांच्या नावे आहे, म्हणजे तुमच्याही. जुमलेदार पालखीचा मानकरी, वर्षाला पाचशे होनांचा धनी, पण वाचून दाखवायचं काम तुमचंच. सगळे जमतात. मोहिमेचा हुकूम असेल, कुठला गड, कुठला सरदार, अशी कुजबुज चालते. तुम्ही पत्र उलगडता आणि त्यात तर गवताविषयी लिहिलंय.

आज हे पत्र अनेकांना ऐकून माहीत आहे. भाजीच्या देठाचा तो उल्लेख तर भाषणांतून याच पत्राच्या नावावर फिरतो, पण तो मुळात महाराजांच्या दुसऱ्याच पत्रातला आहे. पण इथं, तळावर उभं राहून वाचताना लक्षात येतं की हे पत्र उपदेशाचं नाहीच, ते बेगमीचं आहे. एका माणसाने चार महिने पुढचं सगळं डोळ्यांसमोर आणलंय आणि काय काय बिघडेल ते क्रमाने मांडलंय. आता तुम्ही मनाला येईल तसा दाणा मागाल, असेल तोवर घोड्यांना भरमसाट चाराल. भर पावसात ते संपेल. पडत्या पावसात कुठून काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही गावांत शिराल. कुणी कुणब्याच्या घरातले दाणे उचलील, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी सरपण, कुणी भाजी. जे कुणबी जीव धरून घरात राहिलेत तेही निघून जातील, काही उपाशी मरतील. त्यांना वाटेल, मुलखात मोगल आले होते ते बरे, हे त्यांच्याहून वाईट. आणि बदनामी तुमच्या माथी येईल.

हवालदारांतला एक जण पाय बदलतो. गेल्या आठवड्यात त्याच्याच पथकातल्या दोघांनी कुणाच्या तरी परसातलं सरपण आणलं होतं. ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळे दुसरीकडे बघतात.

उपायही पत्रातच आहे, आणि तो साधा आहे. खजिन्यातून वाटणी दिलेली आहे. ज्याला जे हवं, दाणा, गवत, फाटी, भाजी, ते दारात विकायला आलं तर रास्त भावाने घ्यावं, नाहीतर बाजारात जाऊन विकत आणावं. कुणावर जोर करायचा नाही, कुणाशी भांडायचं नाही. पागेची बेगमी पावसाळाभर पुरवायची आहे, तेव्हा कारकून रोजचं जे मोजून देतील तेवढंच घ्यायचं. या वाक्याला सगळ्या जुमल्याच्या नजरा तुमच्याकडे वळतात. आजपासून तळावरचा सर्वांत नावडता माणूस कोण, हे ठरलं.

मग पत्र आगीकडे वळतं आणि तुम्ही स्वतःच जरा थबकता. राजे लिहितायत की कुणी भलत्या जागी चूल पेटवील, आगट्या करील. कुणी तंबाखूसाठी विस्तव न्यायला निघेल आणि गवत कुठे पडलंय, वारा कुठला आहे, हे बघणारच नाही. एका खणाला आग लागली की सगळे खण जातील. एका काडीवर ठिणगी पडली की सारं गवत आणि साऱ्या गंजी जातील. मग कुणब्यांच्या माना मारल्या काय किंवा कारकुनांना कितीही ताकीद दिली काय, एक खण उभारायला लाकूड मिळणार नाही. म्हणून जुमलेदारांनी, हवालदारांनी सतत फिरत राहावं. आणि रात्री घरात दिवा जळता राहिला, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. तेही होऊ देऊ नये.

उंदीर. जमलेल्यांत कुठेतरी खसखस पिकते. पण म्हातारा नालबंद हसत नाही. त्याने गवताच्या घरात दिवा पाहिला आहे. तेलात भिजलेली कापसाची वात उंदराला खाऊच वाटते. तो ती तोंडात धरून थेट छपरात चढतो.

पत्राच्या शेवटी राजे तिरकस होतात. गवत वाचलं, खण वाचले, तर घोडी पावसाळा काढतील. नाहीतर घोडी बांधायला नको, खायला घालायला नको, पागाच बुडाली म्हणजे तुम्ही सगळे निसूर, म्हणजे बिनघोर झालात! मिरजेपासून जिंजीपर्यंतच्या मोहिमा ज्याच्या नावावर लागल्या किंवा लागायच्या होत्या, त्या राजाने पावसाळी छावणीसाठी लेखणी धरली ती या स्वरात. माझ्या मते मराठी गद्यातला हा सर्वांत चांगला टोमणा आहे, आणि तो गवतावर खर्च झालाय.

रात्री तुम्ही हवालदाराबरोबर गस्तीला निघता. उकाडा आहे, खाडीकडून वारा सुटलाय आणि दिवसभर वाळलेलं छप्पर हलकं सळसळतंय. चुली ठरल्या जागी, वाऱ्याच्या खाली, विझवून राख पांगवलेली. एका खणाच्या फटीतून उजेड दिसतो. आत एक तरुण बारगीर पणती लावून जिनाचा तंग शिवत बसलाय. हवालदार ओरडत नाही. आत जातो, पणती उचलून बाहेर आणतो, वात चिमटीत विझवतो आणि पणती तुमच्या हातात देतो: "कारकून, ही जमेला धरा." पुढे पागेच्या टोकाला चिलमीचा लाल ठिपका आहे. तिथं मात्र तो ओरडतो.

आता आषाढात या.

पाऊस थांबत नाही. वाशिष्ठी तांबडी होऊन वाहतेय. कुंभार्ली घाट ढगात गेलाय. घोडी दिवसच्या दिवस खुंट्याला, पुढे अगाडी, मागे पिछाडी, आणि खाली कितीही माती टाकली तरी चिखल. खूर मऊ पडतात, म्हणून नालबंद रोज एकेक पाय मांडीवर घेऊन खरवडतो, वास घेतो, पुढे सरकतो. माश्या आणि डास घोड्यांना उभं राहू देत नाहीत. त्यावर धूर हाच उपाय, आणि धुराला मनाई. मोतद्दार ओल्या पाल्याने पाठी झाडत राहतात.

तुमचं काम सकाळचं. तोबरे रांगेत येतात, तुम्ही माप भरून दाणा टाकता. स्वार मापाकडे बघत असतो, तुम्ही मापाच्या काठाकडे. शीग लावून द्यायचं की काठोकाठ सपाट, यावरून रोज वाद होतो. जुमलेदार स्वतः एकदा येतो. त्याचा आवडता घोडा उतरलाय, बरगड्या दिसतायत. "कारकून, याला थोडं वाढवून द्या. मी सांगतोय." तुम्ही त्याला फर्द दाखवता. श्रावण, भाद्रपद, अर्धा आश्विन. तो बराच वेळ आकड्यांकडे बघतो. त्याला वाचता येत असावं असं वाटत नाही, पण गंजीची उंची त्याला कळते. तो निघून जातो. दुसऱ्या दिवशी चिपळूणच्या बाजारातून त्याने स्वतःच्या पैशाने कुळीथ आणवलेले असतात.

इरलं पांघरलेली एक बाई टाकळ्याची भाजी घेऊन तळाच्या कडेला येते. आत येत नाही. या छावणीत बायकांना जागा नाही. सभासदाने आपल्या बखरीत लिहून ठेवलंय की लष्करात बायको, बटकी, कलावंतीण कुणी बाळगायची नाही, बाळगील त्याची गर्दन मारायची. म्हणून ती लांबूनच भाव सांगते. दोन बारगीर घासाघीस करतात, पण शेवटी पैसे देतात. ती पैसे पदरात बांधून लगेच निघते, मागे वळून बघत बघत. एका पत्राने असा विश्वास बसत नाही. पण ती आली, एवढं तुम्ही मनाशी टिपून ठेवता.

दसऱ्याला तळ उठतो. निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी होते आणि परतल्यावर तीच यादी समोर ठेवून झडती. जास्तीचं निघेल ते सरकारजमा. आणि इथं थोडं थांबून एक गोष्ट बघायला हवी. हे स्वार आता आठ महिने परमुलखात जातील आणि तिथेच पोट भरतील. सभासद ते अभिमानाने लिहितो. तिकडच्या कुणब्याच्या दारात भाजी विकत घ्यायला कुणी थांबणार नाही. चिपळूणचं पत्र घराच्या हद्दीतलं आहे. त्याने त्याची किंमत कमी होत नाही, पण ती हद्द नजरेआड करून त्याचे गोडवे गाणं मला जमत नाही.

वीसेक वर्षं पुढे. १६९५ चा मार्च, कृष्णाकाठचं गलगले. महाराजांना जाऊन पंधरा वर्षं होत आली, संभाजीराजांना सहा. औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून बसलाय, आणि तुम्ही त्याच्या छावणीत हरवलाय.

हरवण्यासारखीच जागा आहे. याच महिन्यात जेमेल्ली करेरी नावाचा एक इटालियन प्रवासी इथं येऊन गेला. त्याला मिळालेले आकडे असे: घेर ३० मैल, माणसं पाच लाख, बाजार २५०. नुसत्या बादशाही डेऱ्यांचा घेर तीन मैलांचा. आकडे फुगलेले असतील, फिरस्त्यांना आकडे फुगवूनच सांगतात. पण तुम्ही सकाळपासून चालताय आणि छावणीची कड अजून लागलेली नाही. सराफ, हलवाई, तंबूचे शिंपी, हकीम, कबुतरं विकणारे. पाळण्यातली पोरं. चिपळूणला बायका नव्हत्या, इथं जनानखान्यांची वेगळी शहरं आहेत.

याला तळ म्हणण्यापेक्षा उचलून नेता येणारी दिल्ली म्हणणं बरं. मधोमध लाल कनातींचा गुलालबार, त्यात बादशहा. कुठल्या अमीराचा डेरा कुणाच्या उजवीकडे आणि किती अंतरावर, हे ठरलेलं. छावणी कुठेही पडो, तो क्रम तोच. बादशाही डेऱ्यांचे दोन संच असतात, एकात बादशहा झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा राहिलेला असतो. त्याला पेशखाना म्हणतात. अमीराने आपला तंबू फार उंच ठोकायचा नाही. बादशहाच्या नजरेला तो खुपला तर पाडला जातो. फ्रेंच वैद्य बर्नियरने तीस वर्षांपूर्वीच्या प्रवासात हे लिहून ठेवलंय. संध्याकाळी लाखो चुलींचा, ओल्या लाकडांचा आणि शेणींचा धूर जमिनीलगत पसरला की या छावणीत माणसाला पुढचं दिसत नाही, हेही त्यानेच लिहिलंय. तो असाच अडकला होता. तेव्हा त्याला सापडला तो आकाशदिवा, उंच खांबाच्या टोकाला टांगलेला. घोडा आणि नोकर घेऊन त्याने त्याच्या बुडाशीच रात्र काढली. अकबराच्या काळात हा खांब ४० गज उंच असे आणि सोळा दोरांनी ताणून धरलेला.

चूल कुठे पेटवायची, हे इथं तुम्हाला कुणी सांगत नाही. वैरण कुठून येते, हेही कुणी विचारत नाही. बंजाऱ्यांचे तांडे आणतात, हजारो बैलांच्या पाठीवरून. तांडा अडला की भाव चढतो, एवढंच. तुम्ही हटकून छावणीबाहेर पडून बघता, तर कोसभर हिरवं काही नाही. झाडांचे बुंधे आहेत. गावं आहेत, पण घरांवरचं गवत गेलंय. म्हणजे चिपळूणच्या पत्रात जे जे घडेल म्हणून लिहिलं होतं, ते ते इथं घडून गेलंय.

या छावणीत राहिलेल्या भीमसेन सक्सेना या अंमलदाराच्या आठवणींत एक गोष्ट येते. इथं एक अख्खी पिढी तंबूत जन्मली. कापडाच्या छपरापलीकडे माणसाला दुसरं काही घर असतं, हेच तिला ठाऊक नाही. घरच्या ओढीने व्याकूळ झालेल्या एका उमरावाने तर वर्षभर दिल्लीला जायची रजा मिळावी म्हणून बादशहालाच एक लाख रुपये देऊ केले, असं सांगतात.

करेरीने बादशहाला पाहिलं, तुम्हीही बघा: पांढऱ्या मलमलीतला सडपातळ म्हातारा, काठीवर रेललेला, अर्ज स्वतः वाचतोय, तोही चष्म्याशिवाय. नजर शाबूत आहे. नुसत्या नजरेवर भागलं असतं तर ही लढाई त्याने केव्हाच जिंकली असती.

शेवटचा मुक्काम खवासपूरचा, सांगोल्याच्या बाजूला, माण नदीवर. साल १७००. ब्रह्मपुरीची भीमाकाठची चार वर्षांची छावणी सोडून बादशहा स्वतः गड घ्यायला निघालाय. सातारा घेतला, सज्जनगड घेतला, आणि भर पावसात परतताना ओझ्याची जनावरं रस्त्यावर टाकत आलाय. उरलंसुरलं लष्कर इथं विसाव्याला थांबलंय. माणचं पात्र कोरडं, रुंद, सपाट. खुंटे ठोकायला मऊ वाळू. दमलेल्या माणसाला यापेक्षा बरी जागा कुठली? अंमलदारांनी पात्रातच डेरे टाकलेत. तुमचाही तिथेच आहे.

माणदेशचा कुठलाही मेंढपाळ तुम्हाला सांगेल की ही नदी वर्षभर झोपते आणि वर डोंगरात पाऊस झाला की एका रात्रीत उठते. पण मेंढपाळ छावणीच्या आसपास फिरकत नाहीत. मेंढ्या राहत नाहीत.

ऑक्टोबरच्या सुरुवातीची मध्यरात्र. इथं पाऊस नाही. आधी उंट ओरडायला लागतात, मग लोंढा येतो. तंबूचे दोर एकमेकांत अडकतात, माणसं कनातीत गुंडाळली जाऊन वाहतात, घोडी खुंट्यालाच बुडतात. बाहेर ओरडा होतो आणि बादशहाला वाटतं मराठ्यांचा छापा पडला. तो अंधारात घाईने उठतो, अडखळतो आणि उजवा गुडघा निखळतो. शाही हकिमांना तो नीट बसवता येत नाही. ऐंशी ओलांडलेला औरंगजेब या रात्रीनंतर मरेपर्यंत लंगडत चालतो.

सकाळी तुम्ही चिखलातून आपलं काही सापडतंय का ते बघत फिरताय. दरबारी मंडळी गुलालबाराच्या बाहेर, ओल्या जोड्यांत, खाली मान घालून उभी आहेत. आत कुणीतरी बादशहाला सांगतंय की खाविंदांनी वाईट वाटून घेऊ नये, मूळपुरुष तैमूरही लंगडाच होता, आज घराण्याचा वारसा पुरा झाला.